सारसबागेतली ती पहाट, माईक सुरू व्हायच्या आधीची

तुम्ही विचारलंय की बागेत, टेकडीवर अशा मोकळ्या जागी ऐकलेली, कायम लक्षात राहिलेली मैफल कोणती, आणि पुण्यात नवीन आलेल्या माणसाने असं काही ऐकायचं तर कुठे जावं. मी सवाई गंधर्व महोत्सवाला शाळेत असल्यापासून जाते, मोठमोठी माणसं समोर बसून ऐकलीत, पण हा प्रश्न वाचल्याबरोबर मला सारसबागच आठवली. २०१९ची दिवाळी, २७ ऑक्टोबर, नरक चतुर्दशीची पहाट.

त्या वर्षीचा पाऊस इथल्या कुणालाच विसरता येणार नाही. २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या सगळ्या भागात पाणी घुसलं, माणसं गेली, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. माझी आत्या सहकारनगरला तळमजल्यावर राहते, तीसेक वर्षं तिथेच गाणं शिकवते. त्या रात्री शेजारच्यांनी तिला हाताला धरून वरच्या मजल्यावर नेलं म्हणून ती वाचली, पण तिचा तानपुरा खालीच राहिला, कोपऱ्यात गवसणी (कापडी खोळ) घालून उभा होता तसाच. आजोबांनी १९७८ साली मिरजेहून आणलेला. सकाळी पाणी ओसरल्यावर आम्ही दार ढकलून आत गेलो तर तो चिखलात आडवा पडलेला, सरसाचे जोड उकललेले, भोपळ्यावरची लाकडी तबली फुगलेली, भोपळा एका बाजूने सुटलेला. आत्या रडली वगैरे नाही, पदराने फक्त खुंट्या पुसत बसली. एकेक खुंटी.

मग तो मिरजेला पाठवला. तिकडे ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सगळ्यांचेच हाल झाले होते, त्यामुळे कारागीर म्हणाले की भोपळा नवीन घालावा लागेल, वेळ लागेल, घाई करू नका. तोवर घरात मोबाईलवरचा तानपुरा. आत्या तो शिष्यांसाठी लावायची, स्वतःसाठी कधीच नाही, त्या महिनाभरात मी तिला गाताना ऐकलंच नाही. रियाज चुकला तर दिवस आंघोळ न केल्यासारखा जातो असं म्हणणारी बाई ती.

दिवाळी पहाटेच्या मैफलीला जायचं मीच काढलं. ती म्हणाली, "मला नको गं बाई, अर्धा वेळ निवेदन आणि अर्धा वेळ सत्कार, गाणं येतं कधी त्यात." मी म्हटलं, आत्या, पहिलाच ख्याल सकाळच्या रागातला आहे असं ऐकलंय, एवढा ऐकू आणि उठून येऊ. शेवटी चार वाजता उटणं लावून आंघोळ, पायाखाली कारीट फोडलं, चिवड्याचा डबा पिशवीत टाकला आणि गाडीवर निघालो. रस्त्यात कंपाउंडच्या भिंतींवर पाण्याची मातकट रेघ अजून तशीच होती आणि त्याच भिंतींवर कुणीतरी पणत्या मांडल्या होत्या.

सारसबाग आता आपल्याला बागच वाटते पण पेशवाईत तिथे पर्वतीच्या टेकडीच्या पायथ्याचं तळं होतं, नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून केलेलं, त्याच्या मधोमध बेट आणि बेटावर गणपती, म्हणून आजही जुने लोक तळ्यातला गणपतीच म्हणतात. पुढे तळं बुजलं, बाग झाली. म्हणजे महिन्यापूर्वी ज्या ओढ्याचं पाणी आत्याच्या घरात शिरलं त्याच ओढ्याच्या जुन्या तळ्यात आम्ही त्या दिवशी सतरंजी टाकून बसलो होतो. हे मला नाही सुचलं, आत्याच म्हणाली, चपला काढता काढता.

साडेपाचला पोचलो तेव्हा मिट्ट काळोख, देवळावर दिव्यांच्या माळा, हिरवळ ओलीचिंब कारण पाऊस ऑक्टोबर संपत आला तरी हटायला तयार नव्हता. सतरंजीखाली प्लास्टिक घालावं लागलं. पंचवीस-तीस माणसं असतील फार तर. स्टेजवर एक पन्नाशीच्या गायिका, मागे दोन मुली तानपुरे घेऊन, आणि माईक बंद. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा लावता येत नाही असा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे ना, म्हणून साऊंडवाला हाताची घडी घालून घड्याळाकडे बघत उभा. त्यामुळे त्या अर्ध्या तासात जे काही झालं ते नुसतं, माईकशिवाय, जेवढा आवाज लाकडातून येईल तेवढाच.

आणि झालं काय तर वाद्यं लागतच नव्हती. दमट हवेने तबल्याची पुडी सैल पडलेली, तबलजींनी तबला बराच वेळ हॅलोजनसमोर धरला, मग गजऱ्यावर हातोडीने ठोकत गोल फिरले, एक घर चढवलं की दुसरं उतरलेलं, पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी एकदाही वैताग दाखवला नाही. तानपुऱ्यांचंही तेच, गायिका स्वतः मागे वळून एकेक तार लावून देत होत्या, आधी खुंटी, मग खालचा मणी अगदी केसभर सरकवायचा, मग तारेखालच्या जवारीतला दोरा. कुणी बोलत नव्हतं. काळी चारचा षड्ज, म्हणजे सा, हळूहळू त्या ओल्या हवेत भरत गेला, दोन तानपुरे एकमेकांत मिसळले आणि मग ते दोन आहेत हेच कळेना.

मी आत्याकडे बघितलं. डोळे मिटलेले, मांडीवर शालीची घडी, आणि त्या घडीवर तिचा उजवा हात चालू होता. मधलं बोट एकदा, मग तर्जनी तीनदा. मधलं बोट एकदा, तर्जनी तीनदा. पहिली तार मधल्या बोटाने आणि जोडाच्या (सा लावलेल्या) दोन आणि खर्ज (खालचा सा) तर्जनीने, आम्हाला लहानपणी शिकवलं होतं तसंच, लय इतकी सारखी की स्टेजवरच्या मुलीचा हात आणि हिचा हात एकाच वेळी पडत होते.

मग गायिकेने पहिली तार उतरवायला घेतली. पंचमावरून खाली, मध्यमावर, म्हणजे प वरून म वर. आत्याने डोळे न उघडताच म्हटलं, "ललत." पहाटेच्या या रागात पंचम नाहीच, त्यामुळे तानपुऱ्यात पंचम ठेवून चालत नाही, तार मध्यमात लावतात, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं पण ती तार उतरताना सगळ्या बागेचा रंग कसा बदलला ते मी नीट सांगू शकत नाही. पंचमाने एक पक्की जमीन असते, ती कुणीतरी काढून घेतली आणि खाली पाणी लागलं, एवढंच म्हणता येईल.

सहा वाजले, माईक सुरू झाला, दोन मिनिटं निवेदन झालं आणि विलंबित ख्याल, संथ लयीतला, सुरू झाला. दोन्ही मध्यम शेजारी शेजारी, कोमल रिषभ, कोमल धैवत, अगदी सावकाश. एकदा दांडेकर पुलाच्या बाजूने सुतळी बॉम्ब वाजला, गायिका षड्जावर थांबल्या, आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबल्या आणि तिथूनच पुढे गेल्या, आत्या हलकेच "वा" म्हणाली. झाडांवर साळुंक्यांचा कलकलाट सुरू झाला. साडेसहाच्या सुमाराला ढग जरा फाटले आणि पहिलं ऊन आमच्यावर नाही पडलं, मागे पर्वतीवर पडलं, आधी देवळाचं शिखर, मग हळूहळू खाली, आणि जलद लयीतली द्रुत बंदिश संपली तेव्हा बाग भरून गेली होती, नवीन कपड्यातली पोरं, हातात पणत्या, सगळीकडे मोबाईल.

नंतर गायिकेने तीच तार पुन्हा पंचमावर चढवली आणि अहीर भैरव गायला. तोही चांगला झाला. मग नाट्यगीतं, अभंग, एक सत्कार (आत्याने माझ्याकडे बघितलं), आणि शेवटी भैरवी. उठून जायचं आम्ही दोघी विसरलोच.

भैरवीनंतर आत्या स्टेजच्या मागे गेली, तानपुऱ्यावरच्या मुलीला म्हणाली, "बाळा, गवसणी घालायच्या आधी एकदा छेडू का?" ती पोर इतकी गोड, तिने सरळ तानपुरा उचलून आत्याच्या मांडीवर दिला. आत्याने चार-पाच आवर्तनं छेडला, कान दांडीला लावून, आणि हळूच षड्ज लावला. माईकशिवाय. महिन्याने. गाडीवर परत येताना मागे बसून गुणगुणत होती, माझ्या पाठीला ते जाणवत होतं.

आता कुठे जावं ते. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरात असतो, १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला, पूर्वी रमणबागेत, २०१८पासून मुकुंदनगरला. तिथे जाच. पण पूर्वी रात्रभर चालायचा तेव्हा पहाटेचे राग आपोआप यायचे, आता लाउडस्पीकरच्या वेळेमुळे रात्री आटोपावं लागतं, मग ललत, भटियार असले राग त्यांच्या वेळेला, उघड्यावर, ऐकायचे तर दिवाळी पहाटच उरते. शहरभर असतात, बागांमधून, मैदानांवर. सारसबागेत पाडव्याला प्रचंड गर्दी होते, गाणं ऐकायचं असेल तर नरक चतुर्दशीला जा, आणि जाहिरातीत नुसती गाण्यांची यादी असेल तर ख्याल आहे का ते आधी फोन करून विचारा, सांगतात लोक. स्वेटर घ्या, सतरंजीखाली घालायला प्लास्टिक घ्या. गाडी लांब लावा म्हणजे निघताना अडकणार नाही. आणि कार्यक्रम सहाचा असेल तर साडेपाचला जा, सहाला नको. स्पीकरपासून लांब, तानपुरे ज्या बाजूला असतील त्या बाजूला बसा.

तानपुरा पुढच्या फेब्रुवारीत परत आला, भोपळा नवीन, दांडी आणि खुंट्या जुन्याच. आत्याने तो लावायला घेतला तेव्हा दुपारचे चार वाजले होते, तरी पहिली तार तिने मध्यमात लावली.