एव्हरनोट पुन्हा उघडताय? आधी जुनं बाहेर काढा

दादा, इतक्या वर्षांनी एव्हरनोटकडे, म्हणजे नोट्स लिहून ठेवायच्या ॲपकडे, वळताय तर लगेच नवीन लिहायला बसू नका. मधे बरंच बदललंय. 2023 च्या सुरुवातीला कंपनी इटलीच्या बेंडिंग स्पून्सकडे गेली आणि त्याच वर्षाअखेरीस फुकटच्या खात्याला 50 नोट्स, एक नोटबुक अशी वेसण लागली. जुन्या नोट्स जास्त असल्या तरी वाचता, दुरुस्त करता येतात. नवी मात्र टाकता येत नाही.

म्हणून कॉम्प्युटरवरचं ॲप घ्या आणि एकेक नोटबुक एक्स्पोर्ट करून एनेक्स फाइल (.enex, एव्हरनोटचा स्वतःचा फाइल प्रकार) पेनड्राइव्हवर ठेवा. मोबाइलवर हे जमत नाही.

मग निवडायला बसा. तासगावच्या बागेची फवारणी, म्हणजे औषध, प्रमाण, तारीख, हे सोनं आहे, हात लावू नका. सांगली मार्केट यार्डातले हळदीचे भाव रोज वेगळ्या नोटमध्ये टाकलेत? ते वर्षवार एकेका नोटमध्ये गोळा करा. ‘फवारणी’, ‘फवारणी २’, ‘स्प्रे’ असे टॅग एकत्र करा. (सगळ्यांचेच असे असतात.) लग्नपत्रिकांचे फोटो खुशाल उडवा.

वर्षाची वर्गणी आत्ताच भरू नका. छाटून 50 च्या आत आलात, तर द्राक्षाचा हंगाम फुकटातच निघेल.