‘तृतीय श्रेणीची दैवी सभ्यता’ : तिन्ही शब्द बदलावेत

प्रश्न : एका विज्ञानकथेचा मराठी अनुवाद करतो आहे. अख्खी दीर्घिका (गॅलेक्सी) ताब्यात असलेल्या परग्रहवासीयांसाठी मूळ कथेत ‘टाइप थ्री सिव्हिलायझेशन’ आणि ‘गॉडलाइक’ हे शब्द आहेत. त्यांनी हे सामर्थ्य स्वतः मिळवले आहे आणि ते दयाळू आहेत की नाहीत हे कथेत शेवटपर्यंत कळत नाही. मी ‘तृतीय श्रेणीची दैवी सभ्यता’ असे लिहिले. चालेल का?

उत्तर : ‘सभ्यता’ लगेच बदलावी. या अर्थाने तो हिंदीतला वापर आहे. हिंदीतली ‘सिंधु घाटी सभ्यता’ आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘सिंधू संस्कृती’ किंवा ‘हडप्पा संस्कृती’ असते. मराठीत सभ्यता म्हणजे वागण्याबोलण्यातली रीत. त्यामुळे ‘प्रगत सभ्यता’ वाचून मराठी वाचकाला आधी शिष्टाचार आठवतात. ‘प्रगत संस्कृती’ लिहावे.

‘श्रेणी’ची अडचण वेगळी आहे. ‘टाइप वन, टू, थ्री’ ही विभागणी सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ निकोलाय कार्दाशेव यांनी १९६४ साली मांडली. परग्रहावरून रेडिओसंदेश येत असतील, तर ते पाठवणाऱ्यांच्या हाताशी किती ऊर्जा असेल, हा त्यांचा प्रश्न होता. पहिली संस्कृती तेव्हाच्या पृथ्वीइतकी, म्हणजे सुमारे ४ × १०<sup>१२</sup> वॅट ऊर्जा वापरणारी. दुसरी आपल्या ताऱ्याची सगळी ऊर्जा, सुमारे ४ × १०<sup>२६</sup> वॅट, वापरणारी. तिसरी अख्ख्या दीर्घिकेची, सुमारे ४ × १०<sup>३७</sup> वॅट. पहिलीहून दुसरी कोटीच्या कोटीपट आणि दुसरीहून तिसरी दहा हजार कोटीपट मोठी. आकडा वाढतो तसे सामर्थ्य वाढते. मराठीत मात्र ‘प्रथम श्रेणी’ सर्वांत वरची आणि ‘तृतीय श्रेणी’ खालची. परीक्षेच्या निकालापासून सरकारी नोकरीपर्यंत हा क्रम आपल्या कानात बसला आहे. दीर्घिकेच्या स्वामींना ‘तृतीय श्रेणीचे’ म्हटले की त्यांची किंमतच उतरते. ‘तिसऱ्या पातळीची संस्कृती’ म्हणावे. पातळी चढत जाते हे वेगळे सांगावे लागत नाही.

खरा विचार ‘दैवी’चा करायला हवा. मराठीत देवाशी केलेली तुलना बहुतेक वेळा चांगुलपणाकडे जाते. देवमाणूस म्हणजे परोपकारी माणूस. ‘देवासारखा धावून आला’ म्हणजे अडल्यावेळी मदतीला आला. ‘देवतुल्य’ हा शब्दही आदराचाच. गीतेच्या सोळाव्या अध्यायातली दैवी संपत्ती म्हणजे अभय, दान, सत्य, अहिंसा असे गुण. ‘गळ्याला दैवी देणगी’ म्हणतो तेव्हा ती वरून मिळालेली असते, मिळवलेली नसते. तुमच्या कथेतल्या लोकांनी तर सगळे स्वतः कमावले आहे आणि ते दयाळू आहेत की नाहीत हे शेवटपर्यंत कळायचे नाही. ‘दैवी’ लिहिलेत तर पहिल्याच पानावर त्यांना सज्जन ठरवून टाकाल आणि कथेतली भीती निघून जाईल.

सामर्थ्य आणि देवपण वेगळे धरणे आपल्या भाषेला नवीन नाही. ‘सामर्थ्य आहे चळवळेचें’ म्हणणारे रामदास लगेच पुढे भगवंताचे अधिष्ठान हवे असे बजावतात, कारण पहिल्यात दुसरे आपोआप येत नाही. म्हणून निवेदकाच्या तोंडी मी ‘सर्वसमर्थ’ हा शब्द देईन. त्यात अफाट शक्ती आहे, पण पुण्याचा दाखला नाही.

पात्रांच्या तोंडी याहून चांगला शब्द आहे : यक्ष. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात देवयोनींची एक यादी आहे. विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध आणि भूत. माणसापेक्षा कितीतरी समर्थ, पण देव नव्हेत. राक्षस आणि गंधर्व एकाच यादीत बसतात, यातच सगळे आले. मेघदूतातल्या यक्षाचा महिमा कुबेराच्या शापाने वर्षभरासाठी मावळतो. म्हणजे अचाट शक्ती असूनही तो चुकतो, शिक्षा भोगतो, झुरतो. विज्ञानकथेतल्या अशा जीवांचे याहून अचूक वर्णन मला सुचत नाही. जयंत नारळीकरांनी आपल्या विज्ञानकथासंग्रहाला ‘यक्षांची देणगी’ हे नाव दिले, तेव्हा वाट तयार झालेलीच आहे. एखाद्या पात्राने घाबरून ‘हे यक्ष आहेत’ म्हणावे. मराठी वाचकाला तळटीप लागणार नाही. ‘विद्याधर’ही अर्थाने शोभला असता, पण ते आता शेजारच्या काकांचे नाव वाटते.

कार्दाशेव दीर्घिकेपाशी थांबले. सगळे विश्व कवेत घेणारी चौथी पातळी नंतर इतरांनी जोडली. तुमच्या कथेत ती येत असेल तर ‘विश्वव्यापी संस्कृती’ पुरे. ‘ब्रह्मांड’ मात्र तिथे खर्चू नका. ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ म्हणणाऱ्या भाषेत ब्रह्मांडे अनेक असू शकतात. पुढच्या भागात हे लोक आपल्या विश्वातून दुसऱ्या विश्वात शिरले, तर तो शब्द तेव्हा लागेल.