वाडीतल्या पोरांसाठी काम करायचंय, काय शिकू?

रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीतून एसवायबीएला असलेल्या मुलीचं पत्र आलंय, नाव-गाव मुद्दाम देत नाही. ती तालुक्याला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहते. लिहिते की दिवाळी झाली की आमची निम्मी वाडी वीटभट्टीवर जाते, पोरं शाळा सोडून बरोबर जातात आणि दर वर्षी एखादी तरी मुलगी परत शाळेत येतच नाही. मला या मुलांसाठी काम करायचंय, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करू, लॉ करू की पोलीस भरती? घरचे म्हणतात नर्सिंग कर, लवकर पगार सुरू होईल. आणि पत्राच्या अगदी शेवटी असं: "मॅडम, माझ्या काकीची मुलगी तेरा वर्षांची आहे. भट्टीवर मुकादमाचा एक माणूस तिला रात्री त्रास देतो असं तिने मला फोनवर सांगितलं. घरात आता तिचं लग्न लावून टाकू असं चाललंय. मी बोलले तर आपल्याच माणसांच्या विरोधात गेल्यासारखं होईल ना?"

अगं, करिअरचं नंतर बोलू, आधी तुझ्या बहिणीचं बघू.

हे वाचशील त्याच दिवशी 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लाव. एकटीने भीती वाटत असेल तर गृहपाल मॅडमना किंवा ज्यांच्यावर तुझा विश्वास आहे अशा एखाद्या प्राध्यापकांना शेजारी बसव, पण फोन लाव. भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी अडत नाही, तालुका, जवळचं गाव, मालकाचं किंवा मुकादमाचं नाव, जेवढं माहीत असेल तेवढं सांग. पोलीस ठाण्यात गेलीस आणि ते म्हणाले की आमची हद्द नाही, तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता तक्रार नोंदवणं, घेता येतो हे ठामपणे सांग. पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या 2012 च्या कायद्यात, कलम 19 आहे, त्यात ज्याला कळलं त्याने कळवायलाच पाहिजे असं लिहिलंय, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर उलटी केस होत नाही हेही त्याच कलमात आहे. म्हणजे तू बोललीस तर तू कायद्याने तुला सांगितलेलं काम केलंस, कोणाच्या विरोधात गेली नाहीस.

तिला मात्र परत परत खोदून विचारू नकोस. काय केलं, कुठे हात लावला, किती वेळा, हे प्रश्न तुझे नाहीत, ते ट्रेनिंग घेतलेल्या माणसाने एकदाच विचारायचे असतात. तिने फोनवर जे शब्द वापरले तेच, जसेच्या तसे, तुमच्या बोलीत, वहीत लिहून ठेव, तारीख आणि वेळ टाक, सही कर. फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून वाडीच्या ग्रुपवर टाकणं, किंवा चार पोरं गोळा करून मुकादमाला धरायला भट्टीवर जाणं, यातलं काहीही करायचं नाही. तिकडे ती अजून त्याच खोपटात झोपतेय, तुम्ही निघून आलात की मागे तीच राहणार.

आणि लग्नाचं. तेराव्या वर्षी लग्न लावलं तर ती सुटणार नाहीये, माणूस बदलेल फक्त. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा 2006 चा आहे, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यालाही लेखी कळवता येतं. आणि 2017 साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की बायको अठराच्या खाली असेल तर नवऱ्यालाही सूट नाही. काकीला हे ओरडून नाही, जवळ बसून सांग. बरेचदा आईबाप पोरीला वाचवायला म्हणूनच लग्न उरकतात, त्यांना दुसरा रस्ता कोणी दाखवलेलाच नसतो.

आता तुझा प्रश्न, आपल्याच माणसांच्या विरोधात. यावर जरा थांबते कारण मला वाटतं तुझं पुढचं सगळं काम याच प्रश्नावर उभं राहणार आहे.

पावसाळ्यात काम नसतं, घरात कोणी आजारी पडतं, कोणाचं लग्न निघतं, तेव्हा मुकादम उचल देतो. ती फेडायला दिवाळीनंतर भट्टीवर जायचं, हजार विटांमागे भाव, जोडीने काम, आणि हिशोब शेठच्या वहीत. पोरांचं नाव त्या वहीत कुठेच नसतं पण ओल्या विटा परतवायला तीच असतात, धाकट्याला कडेवर घेऊन. राहायला पेंढ्याचं किंवा विटांच्याच भिंतीचं खोपट, दाराला कडी नाही, बहुतेक ठिकाणी दारच नाही, संडासला अंधारात लांब जायचं. आईबाप पहाटे अंधारातच उठून चिखलाला लागतात. अशा जागी मुलीला त्रास देणाऱ्याला फार धाडस लागत नाही, त्याला माहीत असतं की हिचा बाप माझ्या शेठचं देणं लागतो. हे तू माझ्यापेक्षा जवळून बघितलंयस, मी फक्त एवढं म्हणतेय की इथे गुन्हेगार तो माणूस आहे आणि त्याला झाकणारी ती उचल. तुझा समाज नाही.

आणि त्या उचलीचा इलाज कायद्यात आहे. वेठबिगार निर्मूलन कायदा 1976 चा आहे, त्यात असं बांधून घेणारं कर्ज रद्दच होतं, फेडायला लागत नाही. प्रशासनाने मुक्तीचा दाखला दिला की पुनर्वसनाची मदत मागता येते, मुलांसाठी आणि बायकांसाठी 2 लाखांची तरतूद आहे, ती मिळवायला चिकाटी लागते ही गोष्ट वेगळी. हे काकीला माहीत असतं तर ती मुकादमाला घाबरून गप्प बसली असती का?

2022 मध्ये इगतपुरी तालुक्यात उभाडे गावाजवळच्या कातकरी पाड्यावरचं प्रकरण तू ऐकलं असशील. लहान लहान पोरं तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मेंढपाळांकडे कामाला ठेवलेली, बदल्यात आईबापांना थोडे पैसे आणि एखादी मेंढी. दहा वर्षांची एक मुलगी मेली तेव्हा ते बाहेर आलं. तेव्हा किती जण म्हणाले, आईबापांनी पोरं विकली. असं म्हणणारे फार लवकर मोकळे होतात. पोरं ठेवून घेणाऱ्याला कोणी विचारलं का की दहा वर्षांची पोर तुझ्याकडे रात्रंदिवस मेंढ्यांमागे कशी?

याची दुसरी बाजू म्हणजे तालुक्याच्या ऑफिसात ऐकू येणारं ते वाक्य, "त्यांच्यात असंच असतं." पोरगी चौदाव्या वर्षी नांदायला गेली, त्यांच्यात असंच असतं. पोरगं शाळेत नाही, त्यांच्यात शिकतच नाहीत. मला या वाक्याची भयंकर चीड आहे. ऐकायला समजूतदार वाटतं, पण त्याने होतं एवढंच की वाण्याच्या किंवा मास्तरच्या मुलीला जे संरक्षण मिळतं ते कातकऱ्याच्या मुलीला मिळत नाही. पॉक्सोमध्ये अठराच्या आतलं मूल म्हणजे मूल, जात-जमात विचारलेली नाही.

सगळं इतकं सरळ नाहीये हेही सांगते. सोळा-सतरा वर्षांची पोरं आपल्या मर्जीने पळून जातात, पोरगी गरोदर राहते, दवाखान्यात गेली की डॉक्टरला कळवावंच लागतं, मग मुलगा तुरुंगात, आणि ते बघून वाडीतल्या बाकीच्या पोरी दवाखान्यातच जात नाहीत, घरी बाळंत होतात. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण तेराव्या वर्षीची जबरदस्ती आणि सतराव्या वर्षीचं प्रेम यातला फरक वाडीत बसून ओळखू शकेल असं माणूस यंत्रणेत असायला पाहिजे, आणि ते आत्ता जवळपास नाहीच.

म्हणून तुझं कातकरी असणं ही तुझी या कामातली सगळ्यात मोठी लायकी आहे. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, नियमात आहे. पॉक्सोच्या 2020 च्या नियमांत दुभाष्याची पात्रता दिली आहे, त्यात मुलाची भाषा ही स्वतःची मातृभाषा असणं हीसुद्धा पात्रता धरलीय, शिवाय राज्याची भाषा यायला हवी. अशा लोकांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची असते आणि त्यांना मानधन असतं. जबाब मुलाला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, युनिफॉर्म न घालता घ्यायचा असतो. पण समज सगळं नियमाने झालं, साध्या साडीतली पीएसआय मॅडम समोर बसली, प्रेमाने विचारते, आणि पोरगी खाली बघून नुसती मान हलवते कारण तिला प्रमाण मराठीत ते सांगताच येत नाही, तर कागदावर काय उतरतं? "मुलगी काही सांगत नाही." कोर्टात पुढे त्याच कागदावर केस उभी राहते किंवा पडते. तिथे शेजारी तू असशील तर कागद वेगळा होईल.

आता कोर्स. बीए पूर्ण कर, मधेच सोडून बीएसडब्ल्यूला जाऊ नकोस, वर्ष फुकट जाईल. मग दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू. मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही जुनी आणि चांगली नावं. टिसला हल्ली सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून प्रवेश असतो, परीक्षा मार्चच्या सुमारास होते, फॉर्म हिवाळ्यात निघतो, म्हणजे टीवायच्या दिवाळीपासून लक्ष ठेवायचं. इंग्रजीची भीती मनात असेल तर आत्तापासून रोज एक पान वाच. एमएसडब्ल्यूमधलं फील्डवर्क मनापासून कर, बाल कल्याण समितीचं कामकाज, बालगृह, रिपोर्ट कसा लिहायचा, हे सगळं तिथेच हाताला येतं.

पगाराचंही सांगते, कारण घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या जागा मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेखाली बहुतेक कंत्राटी असतात. मार्गदर्शक सूचनांमध्ये समाजसेवक आणि समुपदेशकाचं मानधन 18,500 च्या आसपास आहे, आउटरीच वर्करचं साडेदहा हजार. यात घर चालवायचं, फिरायचं, रात्री-बेरात्री फोन घ्यायचे. म्हणून कंत्राटी नोकरी करता करता महिला व बाल विकास विभागाच्या कायम जागांची तयारी कर, संरक्षण अधिकारी, परिविक्षा अधिकारी, पुढे एमपीएससीतून बालविकास प्रकल्प अधिकारी. बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, तिथे बसायला संबंधित पदवी लागते आणि तिच्याबरोबर मुलांच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव किंवा त्या विषयातली प्रॅक्टिस. पस्तिशीनंतर तू त्या टेबलाच्या पलीकडे बसलेली असशील असं मला खरंच वाटतं.

लॉ वाईट नाही, पदवीनंतर तीन वर्षांचा कोर्स आहे, सीईटी द्यावी लागते, पण आधी एमएसडब्ल्यू आणि मग वाटलं तर लॉ असं मी सुचवेन, कारण तुझं मन मुलांबरोबर बसण्यात आहे. पोलीस भरती तुला स्वतःला आवडत असेल तरच. नर्सिंगला उगाच नावं ठेवू नकोस, आश्रमशाळेतल्या किंवा भट्टीवरच्या मुलीच्या अंगावरचे वळ बरेचदा पहिल्यांदा नर्सच बघते. पण त्यासाठी बारावीपासूनची वाट वेगळी असते आणि तू आता बरीच पुढे आलीयस.

थांबून राहायचं नसेल तर शिकता शिकताच अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज कर. त्याला पदवी पूर्ण लागत नाही, ट्रेनिंग ते देतात, कामाच्या दिवसाचे थोडे पैसेही मिळतात. आदिवासींना, बायकांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यात उत्पन्नाची अट नाही, हे तुझ्या वाडीत कितीजणांना माहीत आहे ते एकदा विचारून बघ. शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घेण्याचं कामही तू यंदाच करू शकतेस, ते असलं की पोरांना भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं आणि मुख्य म्हणजे मूल कुठे गेलं याची एक नोंद राहते.

एकच काळजी घे. तुझ्याच घरातली, तुझ्याच नात्यातली केस पुढे आली, आत्तासारखी, तर ती तू चालवायची नाही, कळवायचं आणि बहीण म्हणून तिच्याजवळ राहायचं. केसवर्कर दुसरी असू दे. आणि तिला सोडवलं की संस्थेतच टाकतील असं घरच्यांना वाटत असेल तर सांग की बाल न्याय कायद्यात मुलाला कुटुंबातच ठेवायचा आधी विचार करायचा असतो, बालगृह हा शेवटचा उपाय.

बाकी कागद. जमातीचा दाखला असेलच, पण वैधता प्रमाणपत्राला आत्ताच लाग, पुढे नोकरीत तिथेच गाडी अडते. 1950 च्या आधीचा पुरावा मागतात आणि कातकरी घरात सातबारा किंवा जुना शाळेचा दाखला बरेचदा नसतोच, त्यामुळे आजोबा-चुलतआजोबा, कोणाचंही नाव जुन्या शाळेच्या रजिस्टरला किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदीत आहे का ते शोध, बापाकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता मिळाली असेल तर त्याची झेरॉक्स आधी घे. पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर दर वर्षी रिन्यू करावी लागते. एमएसडब्ल्यूला शहरात सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वयम योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे बँकेत येतात, त्याची चौकशी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात कर, आणि जाताना आधारला जोडलेलं तुझ्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक घेऊन जा.