फ्लॉक्सचे सगळे प्रश्न एकत्र: बी उगवत नाही, रोपं कोलमडतात, पानांवर पांढरं येतं

नमस्कार मित्रांनो, फ्लॉक्सबद्दल इतके प्रश्न आलेत की प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. एका दादांचं बी १५ दिवस झाले तरी उगवलं नाही, एका ताईंची रोपं छान उगवली आणि दोन रात्रींत आडवी झाली, तिघाचौघांनी पानांवरच्या पांढऱ्या पावडरीचे फोटो पाठवलेत, एकाने वर्षानुवर्षं टिकतो म्हणून आणलेला फ्लॉक्स फुललाच नाही, आणि एका फोटोत पानं अगदी दोऱ्यासारखी बारीक झालीयेत, तो फोटो बघून मला जास्त काळजी वाटली, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण निम्मे घोळ तिथेच होतात. फ्लॉक्स म्हणजे एकच झाड नाही, साठ-सत्तर जाती आहेत आणि जवळपास सगळ्या मूळच्या उत्तर अमेरिकेतल्या. बागेत आपल्याला मुख्य तीन भेटतात. एक हंगामी, फ्लॉक्स ड्रमोंडाय, मूळचा टेक्सासचा, फूट-दीड फुटाच्या आत राहतो, बियांपासून येतो आणि एका सीझनमध्ये संपतो. १८३५ मध्ये थॉमस ड्रमंड नावाच्या माणसाने त्याचं बी टेक्सासहून ब्रिटनला पाठवलं, त्यावरून हे नाव पडलं. दुसरा उंच बहुवार्षिक, फ्लॉक्स पॅनिक्युलाटा, दोन ते चार फूट वाढतो, वर मोठे झुपके येतात आणि संध्याकाळी वासही मस्त असतो. तिसरा जमिनीवर पसरणारा, फ्लॉक्स सुब्युलाटा, वीतभर पण उंच होत नाही, दगडांच्या मधून गालिचा पसरल्यासारखा दिसतो. आता ज्यांचा फुलला नाही त्या दादांचा फ्लॉक्स उंचवाला आहे आणि ते राहतात बारमाही गरम भागात. या झाडाला हिवाळ्यात खरी थंडी खाऊन झोपायला लागतं, ती झोपच मिळाली नाही तर वसंतात जोर येत नाही, मग कितीही खत टाका. तुमचं काही चुकलं नाही दादा, जात चुकली. गरम भागात थंडीच्या सुरुवातीला हंगामी फ्लॉक्स पेरा, दोन-अडीच-तीन महिन्यांत फुलं बघाल आणि उन्हाळा कडक व्हायच्या आत तो आपलं काम करून जाईल.

आता बी. फ्लॉक्सचं बी अंधारात उगवतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पिटुनियाचं बी वर भुरभुरून ठेवायची सवय असते तसंच हेही ठेवतात आणि मग वाट बघत बसतात. फ्लॉक्सच्या बियांवर मात्र साधारण ३ मिलिमीटर बारीक चाळलेलं माती-खताचं मिश्रण टाका, झारीने हलकं पाणी द्या आणि ट्रेवर काळा कागद किंवा पुठ्ठा झाका. १५ ते २० अंश तापमान असेल तर १० ते १५ दिवसांत उगवतं, गरमीत पेरलं तर उगवण निम्म्यावर येते, त्यामुळे ऊन कमी व्हायची वाट बघा, घाई नको. रोज कागद उचलून बघायचं आणि पहिले चार-पाच अंकुर दिसले की त्याच दिवशी कागद काढायचा, उद्यावर ढकललं की रोपं पांढरी लांब सुतळीसारखी होतात आणि ती नंतर सरळ होत नाहीत. एका ग्रॅममध्ये पाचशेच्या आसपास बी बसतं, म्हणजे घरच्या बागेला पाकीटभर भरपूर होतं, सगळं एकाच ट्रेमध्ये ओतू नका.

आणि हेच त्या ताईंच्या रोपांचं झालं. फोटो झूम करून बघितला, एकेका बोटाच्या जागेत आठ-दहा रोपं, मातीवर हिरवट शेवाळाचा थर, आणि पडलेल्या रोपाचं खोड बरोबर मातीच्या लेव्हलला चिमटीत धरून दाबल्यासारखं बारीक आणि तपकिरी. ही मर आहे, रोपं कोलमडण्याचा रोग, बुरशी मातीतच असते आणि दाटी प्लस कायम ओल मिळाली की रात्रीत पसरते. पडलेली रोपं परत उभी राहत नाहीत, ती आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने काढून टाका, उरलेल्यांना वरून पाणी बंद करा, ट्रे खालून पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवून भिजवा आणि वरची माती सुकली की मगच पुढचं पाणी. पुढच्या वेळी मिश्रण नवीन वापरा, ट्रे धुऊन वाळवून घ्या, पेरणीआधी मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) मिसळा. विरळणी करताना एक सांगतो, मिश्र रंगाच्या बियांत जी रोपं जरा नाजूक, मागे पडलेली दिसतात त्यांना पुष्कळदा सगळ्यात सुंदर रंगाची फुलं येतात, त्यामुळे फक्त दांडगी ठेवून बारकी उपटू नका, दोन्हीतली थोडी थोडी ठेवा.

चार-सहा पानं आली की लावणी. फ्लॉक्सच्या मुळांना धक्का आवडत नाही म्हणून मातीच्या गोळ्यासकट उचला, किंवा सरळ जागेवरच पेरून विरळणी करा, ते तर सगळ्यात बेस्ट. हंगामीला दोन रोपांत १५ ते २० सेंटिमीटर, उंचवाल्याला ४५ ते ६० सेंटिमीटर. लावताना जागा मोकळी मोकळी दिसते, मोकळी दिसू द्या. बोटभर उंच, म्हणजे ८-१० सेंटिमीटर झालं की शेंडा खुडा, जीव होत नाही खुडायला मला माहितीये, पण खुडलेलं झाड बाजूने चार-पाच फांद्या काढतं आणि न खुडलेलं एकच काडी घेऊन उभं राहतं. जमीन निचऱ्याची, भुसभुशीत, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेली. युरिया देऊ नका. नत्र जास्त झालं की पानं गडद हिरवी, लुसलुशीत, मोठी होतात आणि फुलं कमी, आणि असली लुसलुशीत पानं भुरीला, म्हणजे त्या पांढऱ्या पावडरीच्या रोगाला, आयतीच मिळतात.

आता भुरीवर येतो, कारण सगळ्यात जास्त प्रश्न याचेच आहेत आणि सगळ्यात जास्त पैसे पण इथेच वाया जातात. पानावर पिठूळ पांढरे ठिपके, बोटाने पुसले तर पुसले जातात आणि दोन दिवसांनी परत तिथेच, खालची पानं आधी पिवळी मग तपकिरी होऊन खोडाला लटकत राहतात. ही भुरी. बहुतेकांना वाटतं की पान ओलं राहिलं म्हणून भुरी आली. भुरीच्या बुरशीला पान ओलं असायची गरजच नसते, दिवसा कोरडं, रात्री दमट आणि झुडपात हवा कोंडलेली, एवढं तिला पुरतं. पानं ओली राहून येतात ते वेगळे, तपकिरी डाग, त्यासाठी पाणी मुळाशी द्यायचंच, पण फक्त पाण्याची पद्धत बदलून भुरी जाणार नाही, जोपर्यंत झुडपात हवा खेळत नाही. मागे एका बागेत गेलो होतो, भिंतीला लागून उंच फ्लॉक्सची रांग, तीन वेळा औषध मारून झालेलं. मी झुडपाच्या आत हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला आणि आतली हवा अक्षरशः कोमट, ओलसर लागली. मोजले तर एका गड्ड्यातून तेवीस खोडं वर आली होती. आम्ही बसून प्रत्येक गड्ड्यात पाच ते सात दांडगी खोडं ठेवली, बाकी बुडापासून कापली, आणि त्यानंतर आलेली नवीन पानं स्वच्छ आली.

तर काम असं आहे की वसंतात कोंब वीतभर झाले की उंच फ्लॉक्सची खोडं विरळ करा, दर तीन-चार वर्षांनी गड्डा उकरून वाटून लावा, भिंतीपासून थोडं लांब लावा, दिवसाला सहा तास तरी ऊन मिळू द्या. आणि झाडाला तहान लागू देऊ नका, पाण्याचा ताण पडलेल्या झाडावर भुरी लवकर चढते, आठवड्याला साधारण इंचभर पाणी एकदा-दोनदा खोल द्या, रोज शिंपडू नका, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन करा पण खोडाला चिकटवू नका. नवीन झाड घेणार असाल तर भुरीला दाद न देणारी जात घ्या, 'डेव्हिड' नावाची पांढरी जात यासाठी नावाजलेली आहे, २००२ मध्ये तिला वर्षातलं बहुवार्षिक झाड म्हणून मान मिळाला होता.

औषध लागलंच तर सुरुवातीलाच, पहिले ठिपके दिसले की पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी. निम्मं झाड पांढरं झाल्यावर मारून उपयोग नाही. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर गंधक मारू नका, पानं करपतात. आणि कृपा करून निमतेल आणि गंधक पाठोपाठ मारू नका, दोन्हींत किमान दोन आठवडे अंतर ठेवा, एका ताईंनी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं मारलं आणि अख्खा वाफा करपला, ती भुरी नव्हती, औषधाने भाजलं होतं. रोगट पानं कंपोस्टमध्ये टाकू नका.

पानं फिकट, बारीक ठिपक्यांची आणि खालून धूळ बसल्यासारखी असतील तर तो लाल कोळी, पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड, गरम कोरड्या दिवसांत येतो. खालून पाण्याचा जोरात फवारा द्या, दोन-तीन दिवसांनी परत, बऱ्याचदा तेवढ्यात आटोक्यात येतो.

आता तो दोऱ्यासारख्या पानांचा फोटो. उंच फ्लॉक्सच्या शेंड्याची पानं आकसून नुसती मधली शीर उरल्यासारखी, खोड खाली सुजलेलं, कुठे कुठे चिरलेलं, असं असेल तर ही खोडातली सूत्रकृमी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा दोऱ्यासारखा बारीक कृमी, असण्याची शक्यता खूप जास्त. फवारून बरं होत नाही. झाड मुळासकट काढा, जाळा, त्या जागी काही वर्षं फ्लॉक्स लावू नका, त्या झाडाचे कटिंग कोणाला देऊ नका, प्लीज. पण ती जात तुम्हाला फार प्रिय असेल तर एक वाट आहे. ही सूत्रकृमी खोडात आणि पानात असते, मुळात नसते, म्हणून हिवाळ्यात झाड झोपलेलं असताना मुळं काढून स्वच्छ धुवा, ५ सेंटिमीटरचे तुकडे करा, स्वच्छ मिश्रणावर आडवे ठेवून वर सेंटिमीटरभर मिश्रण टाका, वसंतात कोंब येतील आणि ते निरोगी असतील. फक्त दुरंगी पानांची जात असेल तर मुळापासून साधी हिरवी पानं येतात, ते लक्षात ठेवा.

शेवटचा प्रश्न बियाण्याचा, घरचं बी धरलं तर रंग तोच येईल का. नाही येत. हंगामी फ्लॉक्सचा शेजारच्या रंगाशी संकर होतो, फुलपाखरं लांब सोंडेने इकडचं तिकडं करतात, आणि उंचवाल्याच्या खाली आपोआप उगवलेली रोपं बहुतेक वेळा जांभळट गुलाबीच निघतात, ती दांडगी असल्यामुळे दोन-तीन वर्षांत मूळ झाडाला दाबून टाकतात आणि मग लोक म्हणतात माझ्या पांढऱ्या फ्लॉक्सने रंग बदलला. बदलला नाही, ते दुसरंच झाड आहे. म्हणून सुकलेले झुपके वेळेवर कापा, त्याने फुलंही पुढे चालू राहतात. हंगामी मिश्र रंगाचं बी धरायचंच असेल तर थोडे झुपके ठेवा, पण बोंडं पूर्ण वाळायची वाट बघू नका, वाळलं की ते टचकन फुटतं आणि बी हातभर लांब उडतं. बोंड पिवळसर झालं की त्यावर मलमलच्या कापडाची पुरचुंडी सैलसर बांधा, प्रत्येक बोंडात जेमतेम तीनच बिया असतात, त्यामुळे दोन-तीन झाडांचे झुपके तरी बांधायला लागतील, आणि सावलीत वाळवून कागदी पाकिटात तारीख टाकून ठेवा.