मनी आत, राजा बाहेर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा आज्जीच्या घरून फोनवर तू एका दमात तीन प्रश्न विचारलेस आणि तेवढ्यात रेंज गेली. राजा कुत्र्याला घरात का घेत नाहीत? मग मनी मांजर चुलीपाशी झोपते ती कशी चालते? आणि आज्जीचं राजावर प्रेमच नाही का? पुन्हा फोन लावला असता तर आज्जी मागून ऐकत बसली असती आणि मधेच बोलली असती, म्हणून इकडे जर्मनीतून लिहितेय. एखादं अक्षर अडलं तर आजोबांना विचार. आज्जीच्या हातात मात्र देऊ नकोस, सगळं तिच्याबद्दलच आहे.

आधी मनीचं सांगते, ते सोपं आहे. माजघरात भाताची पोती रचलेली आहेत ना, ते बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शेतातलं वर्षाचं भात. घरात भात आलं की उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागावर कधीतरी सापही येतो. मनीचं काम त्या पोत्यांपाशी, म्हणून ती आत. शिवाय तिला बाहेर काढून उपयोग काय? दाराने काढली की कौलांवरून परत. आज्जीच्या सासूबाई म्हणायच्या की मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. आजचा सोन्याचा भाव बघता मनीच्या वाटेला कोणी जाणार नाही.

राजाचं काम बाहेर. रात्री जेवणं आटोपली की आजोबा त्याची साखळी सोडतात, ते बघितलंस ना? मग परड्यापासून फाटकापर्यंत त्याच्या फेऱ्या सुरू. आज्जी अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचं भुंकणं ओळखते. बोका दिसला, बाहेरची कुत्री गल्लीत शिरली, कोणी उशिरा घरी चाललाय, या सगळ्याची भुंकणी वेगळी, आणि त्यासाठी ती कुशीही बदलत नाही. पण तो एकाच जागी उभा राहून, मागे सरत, थांबून थांबून भुंकायला लागला की ती लगेच उठते, बॅटरी घेते आणि आजोबांना हाक मारते. मी पाचवी-सहावीत असताना, तेव्हा राजा नव्हता, वाघ्या होता, सरपणाच्या ढिगापाशी तो असाच भुंकत राहिला. आजोबांनी बॅटरी मारली तर लाकडांमध्ये घोणस वेटोळं घालून बसलेली. सकाळी चहाला सरपण काढायला आज्जीच गेली असती तिथे.

तिकडे पावसाळ्यात सापाचं भय खरंच असतं. नाग, घोणस, मण्यार, फुरसं ही चार नावं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. त्यातली मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, झोपलेल्याला कळतसुद्धा नाही. तू तक्रार करत होतीस की डास नाहीत तरी आज्जी मच्छरदाणी लावते आणि चारही बाजूंनी गादीखाली खोचते. ती डासांसाठी नाही खोचत. म्हणूनच तुला खाटेवर झोपवते. तुला सांगत नाही एवढंच, कारण सांगितलं तर तू घाबरशील आणि मग तिलाच तुझ्याजवळ जागत बसावं लागेल. मी सांगितलं. तू आता दहा वर्षांची आहेस, रात्री न्हाणीत जाताना बॅटरी घेऊन, खाली बघत जायचं. नागपंचमीला आज्जी मातीच्या नागाला दूध दाखवेल, त्या दिवशी चिरणार नाही, खणणार नाही. साप दूध पीत नाहीत हे तिला पटवायला जाऊ नकोस. तुझ्या वाटचे तंबिटाचे लाडू खा आणि गप्प बस.

आता प्रेमाचं. उद्या दुपारी आज्जी राजाचं जेवण करते तेव्हा चुलीपाशी उभी राहा आणि फक्त बघ. ते चेपलेलं जर्मनचं पातेलं ती वेगळं ठेवते (तिकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, आपल्या जर्मनीचा त्याच्याशी काही संबंध नाही). त्यात भाकरी कुस्करते, कडेची कडक भाकरी बोटांनी अगदी बारीक करते, कारण राजाचे मागचे दात गेलेत. त्यावर ताक, नाहीतर आमटीचं वरचं पाणी. मग करंगळी बुडवून जिभेला लावते. तिखट लागलं तर आणखी ताक. गरम लागलं तर पातेलं पाण्याच्या परातीत ठेवते. हे सगळं करताना तोंडाने काय चाललेलं असतं? “मेल्याला नुसतं गिळायला पाहिजे. हाड की रे, चिखलाचे पाय घेऊन कुठं येऊलायस?” तू ते तोंडाचं ऐकलंस आणि मला फोनवर विचारलंस. हाताचं बघ. आणि हे पातेलं तो चाटूनपुसून संपवेपर्यंत आज्जी स्वतः पानावर बसत नाही, हेही बघ.

तो उंबऱ्याच्या आत येत नाही यात सोवळ्याओवळ्याचाही भाग आहे, ते मी लपवत नाही. आत देवघर, त्याच्या शेजारी स्वयंपाक. कुत्रं कुठेही लोळतं, काहीही हुंगतं, म्हणून ते आत चालत नाही असं आज्जीला तिच्या घरी शिकवलंय. तू म्हणशील, देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, ती कशी चालतात? मी तुझ्याएवढी असताना हेच विचारलं होतं. आज्जी म्हणाली, “ती दत्ताची, हा येळ्ळूरचा.” आजपर्यंत मला त्यावर काही बोलता आलेलं नाही.

पण हा नियम वाकतो. दिवाळीत फटाके सुरू झाले की राजा थरथरत सोप्यात शिरतो, थेट आजोबांच्या खाटेखाली. पहिल्या वर्षी मला वाटलं आता काठी निघणार. आज्जीने एक रिकामं पोतं आणलं, खाटेखाली सरकवलं आणि मामाला म्हणाली, “दार पुढं कर, आवाज कमी येईल.” नंतर त्याबद्दल कोणी बोललं नाही. सकाळी शेणाने सोपा सारवून घेतला, झालं.

साखळीच्या बाबतीत मात्र मी तुझ्या बाजूने आहे. दिवसभर बांधून ठेवलेलं कुत्रं चिडकं होतं. इकडे जर्मनीत काही अपवाद सोडले तर २०२३ पासून कुत्र्याला साखळीने बांधून ठेवायला बंदी आहे. आजोबांना कायदा सांगू नकोस, ते म्हणतील जर्मनीचा कायदा जर्मनीत. त्यांना म्हण, फाटक लावून घेऊ आणि दुपारी सोडू. मीही फोनवर बोलेन. आणि मळ्यातला तो लांब तोंडाचा, बरगड्या दिसणारा कुत्रा उपाशी नाही, त्याच्यासाठी रडू नकोस. तो मुधोळचा. ती जातच तशी, सशामागे धावायला घडलेली. मुधोळ बागलकोट जिल्ह्यात, पूर्वी घोरपड्यांचं संस्थान होतं. २००५ साली टपाल खात्याने त्या कुत्र्याचं तिकीट काढलं होतं.

आता हे नीट वाच. राजा किंवा गल्लीतलं कोणतंही कुत्रं, मांजरसुद्धा, तुला चावलं, नखाने ओरबाडलं किंवा जखमेवर चाटलं, तर लपवायचं नाही. ओरडा बसेल म्हणून तर मुळीच नाही. आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. आज्जी हळद किंवा तिखट दाबायला आली तर तिला थांबवायचं, मी सांगितलंय म्हणून. मग त्याच दिवशी मामाबरोबर दवाखान्यात जायचं. रेबीज एकदा झाला की त्यावर औषध नाही, पण वेळेत लस घेतली तर तो होत नाही. आता दंडावर चार-पाच इंजेक्शनं असतात. आजोबांना लहानपणी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, तेव्हा पोटात चौदा घ्यावी लागली होती. ते अजून कुत्र्याच्या नुसत्या गुरगुरण्यावर पोटावर हात ठेवतात, गंमत म्हणून विचार त्यांना. आणि ते तुला बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला नेतील तेव्हा त्या नावाची गोष्टही विचार. इंग्रजांच्या काळात तिथे देवीची लस तयार व्हायची. ती लस वासरांच्या कातडीवर वाढवत. देवीचा रोग जगातून गेला असं १९८० साली जाहीर झालं, त्यात त्या वासरांचाही वाटा आहे. आज्जी गाईला घास देते तेव्हा तिच्या मनात हे नसतं, माझ्या मनात मात्र येतं.

राहिला तुझा शेवटचा हट्ट. फोन कट व्हायच्या आधी ऐकलाय मी: “मग राजाला हॅम्बुर्गला घेऊन येऊ का?” वरच्या मजल्यावरच्या काकूंचा ब्रूनो सोफ्यावर झोपतो म्हणून राजालाही झोपायचं असेल असं तुला वाटतं. इकडे कुत्र्यावर कर भरावा लागतो, रेल्वेत मोठ्या कुत्र्याचं तिकीट काढावं लागतं, ते आपण काढू. पण भारतातून आणायचं तर आधी कातडीखाली मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग निदान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी, आणि ते ठीक आलं तर रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. मगच विमान. एवढं करून तो चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येणार, जिथे परडं नाही, बोका नाही आणि रात्री भुंकला तर खालचे आजोबा पोलिसांना फोन करणार.

तरी मी नाही म्हणत नाही. मालकीण मी नाही. तू आज्जीला विचार, पण जेवताना नको, ती राजाचं पातेलं ठेवून आली की मग विचार. ती हो म्हणाली तर सगळे कागद मी भरते. माझा अंदाज तुला आत्ताच सांगते: चिपचं नाव काढलंस की ती म्हणेल, “त्याच्या अंगाला सुई? कुणी सांगितलं? तुझ्या आईनं?” आणि मग माझा फोन वाजेल. तेव्हा रविवारी सकाळी विचार. मला सुट्टी असते.

राजाच्या या वर्षीच्या लसीचं कार्ड आजोबांच्या कपाटात, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे. त्यावरची तारीख बघून मला कळव.

तुझी,
आई