वाचकांचे प्रश्न : स्वरावरचं टिंब, तार की मंद्र?

प्रश्न : मुलगी गायनाच्या परीक्षेला बसते आहे. क्लासच्या वहीत डोक्यावर टिंब असलेला सा तार (वरच्या) सप्तकातला आहे, आजोबांच्या जुन्या पुस्तकात तेच टिंब मंद्राचं (खालच्या सप्तकाचं). बरोबर कोण?

उत्तर : दोन्ही बरोबर. संगीत लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत : वही भातखंडे पद्धतीची, पुस्तक पलुसकर पद्धतीचं. भातखंड्यांकडे ‘सां’ म्हणजे तार सा, मंद्रासाठी टिंब स्वराखाली. पलुसकरांकडे वरचं टिंब मंद्राचं आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. हीच उभी रेघ भातखंडे पद्धतीत ‘म’वर आली की तो तीव्र मध्यम. स्वराखालची आडवी रेघ तर सगळ्यात जास्त फसवते : भातखंड्यांकडे ती कोमल स्वराची खूण, पलुसकरांकडे एक मात्रेची (तालाच्या एका ठोक्याची). त्यामुळे पलुसकरी पुस्तकातली शुद्ध स्वरांची ओळ भातखंडे समजून वाचली, तर भूपातला गंधार कोमल होऊन बसतो आणि रागच हातातून जातो.

म्हणून पुस्तक उघडलं की स्वरांआधी तालाची खूण पाहावी. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि खालीला (टाळी न देता हात हलवतात त्या मात्रेला) ० असेल तर भातखंडे. समेला १ आणि खालीला + असेल तर पलुसकर. पलुसकर पद्धतीतही ० आणि × सापडतात, पण स्वराखाली. तिथे ० म्हणजे अर्धी मात्रा, × म्हणजे चार मात्रा. उत्तरपत्रिकेत एकच पद्धत धरावी आणि वर तिचं नाव लिहावं. दोन्हींची खिचडी झाली की बंदिश पाठ असूनही गुण जातात, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : त्रितालाच्या खालीत ‘ता’ नेमका कुठे येतो?

उत्तर : खाली 9 व्या मात्रेवर, पण तिथला बोल ‘धा’च. धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा. बंद (डग्ग्याचा घुमारा नसलेले) बोल 10 ते 13 मात्रांवर, 14 व्या मात्रेला डग्गा परत येतो. 9 व्या मात्रेलाच ‘ता’ लिहिणं ही नेहमीची चूक. एका आवर्तनाची दुगुन (दुप्पट लय) लिहून समेवर यायचं असेल तर 9 व्या मात्रेपासून सुरू करा. झपतालात 6 व्या, एकतालात 7 व्या.

प्रश्न : मालकंसाला तानपुरा पंचमात चालेल का?

उत्तर : नाही. मालकंसात रिषभ-पंचम वर्ज्य. पंचम घुमत राहिला तर मध्यमावरचा न्यास (ठहराव) उभाच राहत नाही. पहिली तार मंद्र मध्यमात लावा. जोडाच्या (मधल्या) दोन तारा आणि खरज (शेवटची जाड तार) आधी सुरात घ्या. मग पहिली तार मध्यमाच्याही थोडी खाली उतरवून हळूहळू वर चढवत आणा. वरून उतरवत थांबलेली तार लवकर हलते. बारीक फरक तारेत ओवलेल्या मण्याने काढा. तार सैल झाल्यावर जवारी (तारेचा झंकार) बसलेली वाटेल. घोडीवरचा जिवा (तारेखालचा दोरा) केसभर मागेपुढे सरकवत झंकार मोकळा होईपर्यंत ऐका.

प्रश्न : बंदिशीचा रचनाकार कसा ओळखावा?

उत्तर : आधी अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) पाहा. मुद्रा, म्हणजे रचनाकाराचं टोपणनाव, बहुतेकदा तिथेच असते. ‘सदारंग’ म्हणजे नियामत खाँ, मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारातले. म्हणून कित्येक ख्यालांत बादशहाचंही नाव येतं. ‘प्रेमपिया’ म्हणजे फैयाज खाँ, आणि लक्षणगीतांतला (रागाची लक्षणं सांगणाऱ्या गीतांतला) ‘चतुर’ म्हणजे स्वतः भातखंडे.