शिलकीच्या लोकरीची शाल

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

उरलेल्या गुंड्यांचे फोटो बघितले. रंग सुरेख आहेत, पण लगेच टाके घालायला बसू नकोस. आधी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घे आणि एकेक गुंडा तोलून त्याला चिठ्ठी लाव. छटा बदलत जाणाऱ्या लोकरीत नुसत्या नजरेवर भिस्त ठेवायची नसते.

शाल त्रिकोणी कर, टोकापासून. तीन टाके, सगळ्या ओळी सुलट, दर दुसऱ्या ओळीला एकाच कडेला एक टाका वाढव. लोकर संपत आली की थांबता येतं, म्हणून शिलकीला हाच आकार बरा. मात्र ओळ लांबत जाते तशी लोकर भराभर संपते. 200 ग्रॅम असेल तर निम्म्या उंचीपर्यंत जेमतेम 50 ग्रॅम लागते, वरची निम्मी उंची उरलेली 150 गिळते! तेव्हा पिटुकले गुंडे टोकाकडे आणि भरघोस गुंडा रुंद कडेला. उलट केलंस तर कडेला दोन-दोन ओळींच्या रेघा येतात. काहींना आवडतात, मला नाही.

एका गुंड्याची छटा दुसऱ्याशी जुळत नसेल तर आठ-दहा ओळी दोघांच्या दोन-दोन ओळी आलटूनपालटून घाल. येवल्याचे विणकर उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा घेऊन पैठणीत धूपछाव आणतात. सुयांवर आपलं काम या आलटापालटीने भागतं.

आणि हो, बाजारात लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते. छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघ. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री नको, वीण कायमची लुळी पडते.

शेवटी निदान तीन ओळींपुरती लोकर राखून ठेव. टाके सैल हाताने बंद कर, नाहीतर कड आक्रसते. निफाडचा पारा घसरायच्या आत झाली तर उत्तमच, पण घाई नको.

तुझी,
मावशी

ता. क. स्वेटरला 8 नंबरच्या सुया घेतल्या होत्यास ना? शालीला 6 नंबर घे, वीण मऊ पडेल. नंबर वाढला की सुई बारीक होते, दुकानात गफलत करू नकोस.